बालहस्तांतील ठोकळ्याची वंशावळ

आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील एका अंगणवाडीच्या कपाटांत लांकडी ठोकळ्यांची पेटी कुलूपबंद ठेविलेली प्रस्तुत लेखकानें पाहिली. ठोकळे हरवतील या भीतीनें ते मुलांच्या हातीं दिले जात नव्हते. तेथें जमलेल्या मंडळींपैकीं एकाचें म्हणणें पडलें कीं, हें विलायती खूळ आहे. दुसऱ्याचें कीं, हें सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊकच होतें. हे दोन्ही पक्ष पुराव्यावर घांसून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दुसरा पक्ष घेऊं. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, बालकाच्या खेळण्यांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. खेळणें रंगीबेरंगी, नाद करणारें व मनोहर असावें. तें जड, टोंकदार, तोंडांत शिरणारें, जिवावर बेतणारें किंवा भय उपजविणारें नसावें, असा तेथील आशय आहे. तोंडांत शिरेल एवढी लहान वस्तु तान्ह्या मुलास देऊं नये, हा आजचाहि नियम आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकाचें तर नांवच मुलाच्या मातीच्या गाड्यावरून पडलें. आमच्या विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो व मुलें लांकडी बैल ओढीत नेतात. तथापि सुटे भाग जोडावे, मोडावे व पुन्हां रचावे, हा शिक्षणाचा हेतु यांपैकीं कोठेंहि सांगितलेला नाहीं. अनुक्त तें उक्त मानणें हा संशोधकाचा धर्म नव्हे.

तो हेतु स्पष्टपणें मांडला जर्मनींतील फ्रोबेल यानें. तरुणपणीं बर्लिन येथें स्फटिकांचा अभ्यास केलेल्या या शिक्षकानें 1837 सालीं ब्लांकेनबुर्ग येथें कार्य आरंभिलें. त्याच्या देणग्यांपैकीं तिसरी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक लांकडी घन. पूर्ण व अंश यांचा संबंध मुलानें हातांनीं जाणावा, हें तिचें मर्म. प्रशियाच्या सरकारास या बालोद्यानांचेंहि भय वाटलें. 1851 सालीं त्यांवर बंदी आली आणि ती 1860 मध्यें उठली. तोंवर, 1852 सालींच, फ्रोबेल निवर्तला होता. पुढें 1907 सालीं माँटेसरीबाईंनीं रोम येथें बालगृह उघडलें. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यांत एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा घन असतात. एखादा घन चुकीच्या जागीं बसला तर तें मुलाच्या डोळ्यांसच दिसतें.

हा प्रवाह महाराष्ट्रांत रुजविण्याचें मोठें श्रेय ताराबाई मोडक यांचें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांचें बालमंदिर 1920 सालीं निघालें होतें. तेथें अनुभव घेऊन ताराबाईंनीं 1936 सालीं दादर येथें शिशुविहार काढलें. परंतु महाग साहित्य गरिबांस परवडणार नाहीं, हें जाणून 1945 सालीं बोर्डी येथें त्यांनीं ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथें शंखशिंपले, बिया, खडे व पानें हींच साधनें झालीं. या दृष्टीनें पाहतां पहिला पक्षहि टिकत नाहीं. कल्पना बाहेरची असली तरी येथील मातींत ती कधींच रुजली आहे.

आतां फलाचा विचार. दीड वर्षाचें मूल साधारणतः तीन ठोकळे एकावर एक ठेवितें. दोन वर्षांचें सहापर्यंत जातें. तीन वर्षांचें दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून पूल रचितें. अर्थात् प्रत्येक मुलाची गति निराळी. यांत बोटांची पकड व डोळ्यांचें अनुमान घडतें. मनोरा कोसळला कीं मूल क्षणभर थबकतें, हंसतें व पुन्हां रचूं लागतें. तोल व कारण यांचा तो पहिला पाठ होय. शेजारीं बसून कोणी ‘वर’, ‘खालीं’, ‘लहान’, ‘मोठा’ असे शब्द बोलत गेलें तर वस्तूबरोबर भाषाहि येते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजीं सुरू झाली. आमचा जिल्हा भंडाऱ्यांतून 1 मे 1999 रोजीं वेगळा झाला. तेव्हां अंगणवाडी ही जिल्ह्याहून जुनी व्यवस्था आहे. गांवच्या सुताराकडील छाटलेले तुकडे कडा घांसून, मुठींत मावतील पण तोंडांत शिरणार नाहींत अशा मापाचे केले, तर चरक व फ्रोबेल या दोघांचेंहि म्हणणें एकाच पेटींत सांभाळलें जाईल. एखादा ठोकळा हरवला तर दुसरा कापतां येतो. मुलाचें तिसरें वर्ष मात्र पुन्हां येत नाहीं. म्हणून त्या कपाटाचें कुलूप उघडावें, एवढीच विनंति. इत्यलम्.