जालन्याचे बियाणे : वाण सरकारी, पिशवी खासगी

थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

‘जालना सोने का पालना’ ही दख्खनी म्हण या शहराच्या जुन्या व्यापारी भरभराटीची साक्ष देते. कापूस, सरकी, भुसार माल आणि मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग यांवर निजामी अमदानीतली ही बाजारपेठ पोसली गेली. आज जालन्याची ओळख दोन गोष्टींनी होते : बांधकामाच्या लोखंडी सळया आणि संकरित बियाणे. सळयांची कथा पुन्हा केव्हातरी.

बियाण्याची कथा सहसा एका माणसाच्या कर्तबगारीची म्हणून सांगितली जाते. ती कर्तबगारी खरीच आहे. परंतु त्या माणसाच्या हाती जे पहिले बी पडले, ते कुणी तयार केले होते, हा प्रश्न विचारल्यावाचून या उद्योगाचा इतिहास उलगडत नाही.

आधी बियाण्याची जुनी व्यवस्था पाहू. खळ्यावर ज्वारीची रास पडण्यापूर्वी घरातली जाणती बाई टपोरी, भरदार कणसे बाजूला काढी. ती आढ्याला टांगली जात किंवा राखेत मिसळून मडक्यांच्या उतरंडीत जात. पेरणीला बी घरचेच. कमी पडले तर शेजाऱ्याकडून सवाई-दिढीने. बियाणे ही विकत घेण्याची वस्तू आहे ही कल्पनाच बहुसंख्य कुटुंबांना परकी होती. सरकारने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत विकास गटांमध्ये बीजगुणन केंद्रे काढली खरी, पण सुधारित वाणाची काही पोती वाटणे आणि लाखो एकरांना दरवर्षी शुद्ध बी पुरवणे यांत फार मोठे अंतर होते.

हे अंतर संकरित वाणांनी एकाएकी निकडीचे केले. संकरित बियाण्याचा जोम पहिल्याच पिढीत असतो. त्या पिकातले दाणे पुन्हा पेरले की पीक विस्कळीत होते, काही ताटे उंच, काही खुजी, आणि उतारा घटतो. म्हणजे दरवर्षी नवे बी हवे. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा आनुवंशिकतेचा नियम. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दर मृगाला परत येणारे गिऱ्हाईक. अमेरिकेत मक्याच्या बाबतीत हे आधीच घडून गेले होते. तेथे सरकारी संशोधन केंद्रांनी आणि कृषी महाविद्यालयांनी मातृवाण घडवले, आणि हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या पायोनियरसारख्या कंपन्यांनी बी पिकवून विकले.

तो अनुभव घेऊन रॉकफेलर फाउंडेशनचे शास्त्रज्ञ पन्नाशीच्या दशकात भारत सरकारशी करार करून येथे आले. १९५७ मध्ये मक्याची अखिल भारतीय समन्वित योजना सुरू झाली, १९६१ मध्ये पहिले संकरित मके प्रसारित झाले आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाला. निगमाने मातृवाणांचे पायाभूत बियाणे राखावे आणि त्यापासून विक्रीचे बियाणे इतरांनी पिकवावे, अशी विभागणी आकाराला आली. प्रश्न एवढाच होता की हे ‘इतर’ कोण?

येथे बद्रीनारायण बारवाले यांचा प्रवेश होतो. जन्म १९३१, हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभाग, पुढे जालन्यात शेती. त्यांची सुरुवात ज्वारीने झाली नाही, कापसानेही नाही. ती भेंडीने झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ नावाचा भेंडीचा वाण काढला होता. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तो त्या काळी दाद देत नसे. बारवाले यांनी ते बी मिळवले, आपल्या शेतात वाढवले आणि बियाणे म्हणून विकले. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली.

त्याच १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा देशातला पहिला वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला. पाठोपाठ १९६५ मध्ये लुधियानाहून संकरित बाजरी आली, एचबी-१. दोन्ही वाण सार्वजनिक पैशांतून घडले होते. त्यांचे मातृवाण निगमाकडून कुणाही पात्र उत्पादकाला मिळू शकत, आणि संकराचे सूत्र छापील होते. कंपनीचे कसब सूत्रात नव्हते. ते बी शुद्ध पिकवण्यात, वेळेवर पोहोचवण्यात आणि शेतकऱ्याचा विश्वास टिकवण्यात होते.

सीएसएच-१ च्या वंशावळीत एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. ज्वारीच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात. लक्षावधी फुलांतले पुंकेसर हाताने काढणे अशक्य. १९५४ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी मिलो आणि काफिर या दोन ज्वारींच्या संकरातून नरवंध्य ताट मिळवले. त्यावर पराग धरत नाही, म्हणून शेजारच्या ओळीचा पराग त्याला फळवतो. सीएसएच-१ ची मादी याच कुळातली. तांबड्या मिलोचे नाव मराठवाड्यातल्या जुन्या पिढीपुढे काढून पाहावे : दुष्काळात शिधावाटप दुकानांतून मिळणारी, कुणाला न रुचणारी अमेरिकन ज्वारी! जिच्या आयातीतून सुटका हवी होती, तिच्याच पेशीद्रव्यावर सुटकेचे बी उभे होते.

१९६५ आणि १९६६ ही दुष्काळाची वर्षे. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपल्याला फाशी द्यावी, अशी जाहीर घोषणा केल्याचे आजही सांगितले जाते. त्यांच्या शासनाने ‘हायब्रीड’ हा शब्द गावोगावी नेला. ग्रामसेवकापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत यंत्रणा प्रचाराला लागली. एखाद्या नव्या कंपनीला स्वबळावर असा प्रचार करणे कदापि परवडले नसते. मागणी सरकारने निर्माण केली; पुरवठ्यात कंपनीने आपला वाटा उचलला.

१९६६ च्या बियाणे कायद्याने उगवणशक्ती आणि शुद्धतेच्या किमान मर्यादा ठरवल्या, लेबल बंधनकारक केले, परंतु प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवले. ही बाब फारशी चर्चिली जात नाही. प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी नको असेल, तर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर ‘सत्यप्रत’ बियाणे विकू शकतो. खासगी बियाणे उद्योगाचा पुढचा सगळा विस्तार या फटीतून झाला, असे माझे मत आहे.

आता शेताकडे वळू, कारण उद्योग प्रत्यक्षात तेथे घडला. संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनात मादीच्या चार ओळींना नराच्या दोन ओळी लावण्याची रीत. भोवती दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको. म्हणजे शेजाऱ्यांची संमती हवी. मोबदला, भाऊबंदकी, मनधरणी सारे आले. दोन्ही वाण एकाच वेळी फुलोऱ्यात यावेत म्हणून पेरणीच्या तारखा मागेपुढे करायच्या. भेसळीची ताटे पराग सांडण्यापूर्वी उपटायची. कापसाच्या बीजोत्पादनात तर सगळे काम बोटांचे. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्यांतले पुंकेसर काढायचे, सकाळी नराचा पराग लावायचा, आणि हे कित्येक आठवडे रोज. गावात याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात, आणि ते बहुतांशी बायकाच करतात. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस काढला, तो शक्य झाला तो अशा स्वस्त आणि निष्णात हातांमुळे. मजुरी महाग असलेल्या देशांत हा मार्ग चाललाच नसता.

कंपनी मातृवाण देते, तिचा पर्यवेक्षक पाहणी करतो, माल तपासणीत उतरला तर ठरलेला भाव मिळतो. न उतरला तर तेच बी साधे धान्य किंवा सरकी म्हणून बाजारात जाते, आणि चार महिन्यांची जादा मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. सार्वजनिक-खासगी सहकार्याच्या आराखड्यांत दोन चौकोन काढतात. हा तिसरा, सर्वाधिक जोखमीचा चौकोन बहुधा राहून जातो.

अपयशही सांगितले पाहिजे. बाजरीच्या पहिल्या संकरित मालिकेची आई एकच होती, अमेरिकेतल्या जॉर्जियातून आलेली टिफ्ट-२३ए. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी तिच्यावर गोसावी रोग तुटून पडला आणि कणसांच्या जागी पानांचे झुबके दिसू लागले. (यालाही केवडाच म्हणतात, भेंडीच्या केवड्याशी त्याचा संबंध नाही.) प्रतिकारक्षम वाण शोधण्याचे काम पुन्हा सार्वजनिक संशोधनाकडे आले. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यात मोठी कामगिरी केली. पुढे २००० मध्ये या संस्थेने खासगी कंपन्यांचा संघ उभारला : कंपन्यांनी वर्गणी भरावी आणि संस्थेचे मातृवाण वापरावेत. रब्बी ज्वारीत मात्र हायब्रीडची डाळ शिजली नाही. मोहोळच्या केंद्रातून आलेल्या मालदांडीची भाकरी आणि कडबा यांपुढे संकरित वाण टिकले नाहीत. खरिपाची हायब्रीड पावसात सापडून काळी पडे, हे दुखणे वेगळेच.

जालन्याहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की सुमारे वीस किलोमीटरवर बदनापूर येते. तेथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र आहे. वांझ आणि मर रोगांना तोंड देणारी बीएसएमआर-७३६ आणि लवकर हाती येणारी पांढरी बीडीएन-७११ या तुरी येथल्याच. हे सरळ वाण आहेत. शेतकरी काळजी घेऊन घरचे बी काही वर्षे वापरू शकतो. म्हणूनच खासगी भांडवल तेथे उत्साहाने धावले नाही. एकाच जिल्ह्यात एका बाजूला दरवर्षी विकत घ्यावे लागणारे बी आणि दुसऱ्या बाजूला एकदा दिलेले बी! तुरीची डाळ रोज शिजवणाऱ्या राज्यात दुसऱ्या प्रकारची जबाबदारी विद्यापीठे आणि १९७६ मध्ये अकोल्याला स्थापन झालेले ‘महाबीज’ यांच्यावरच येऊन पडली.

१९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने आयात आणि परदेशी भागीदारीची दारे उघडली. कंपन्यांनी स्वतःचे संशोधन वाढवले. महिकोने ते त्याआधीच सुरू केले होते. बेजो शीतलसारख्या कंपन्यांनी जालन्यात भाजीपाला बियाण्याचा व्यवसाय वाढवला. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच १९९८ मध्ये महिको आणि मोन्सँटो यांची भागीदारी झाली, आणि मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना परवानगी मिळाली.

येथे जुनी वाटणी उलटी झाली. सीएसएच-१ चे सूत्र सरकारचे होते आणि पिशवी कंपनीची. बीटी कापसात मूळ जनुकच खासगी. ते वापरणाऱ्या इतर कंपन्या त्याचे स्वामित्वशुल्क भरत, आणि ते शेतकऱ्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटातून वसूल होई. किंमत इतकी चढली की २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि भाव निम्म्याहून खाली आले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या किमतींसाठी स्वतंत्र कायदा केला. नांदेड केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा सार्वजनिक संकरित कापूस एकेकाळी मराठवाड्याचे हक्काचे पीक होता. त्यात बीटी जनुक येईपर्यंत इतका काळ लोटला की शेतकरी केव्हाच खासगी पाकिटांकडे वळले होते.

आज जालन्याच्या सीमेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या परिसरात, शेडनेटच्या पांढऱ्या-हिरव्या छपरांखाली मिरची, टोमॅटो, काकडीचे बीजोत्पादन चालते. कोरडवाहू पट्ट्यात अर्ध्या एकरावर इतका पैसा देणारे दुसरे पीक क्वचितच सापडेल. कर्ज काढून शेडनेट उभारण्यामागे हेच कारण. क्रॉसिंगला पहाटेपासून बायका येतात. कंपनीकडून नर आणि मादी यांची रोपे किंवा बी मिळते, त्यावर पुष्कळदा वाणाचे नाव नसते, केवळ सांकेतिक क्रमांक असतो. आपण पिकवलेले बी पुढे कोणत्या नावाने, किती किमतीला विकले जाणार, हे ते पिकवणाऱ्याला कळत नाही.