इतिहासाचे पान : 'ट्रॅफिक', अफू आणि आपली घरे



'इतिहासाचे पान' म्हटले की पानिपत, रायगड नाहीतर पेशवाई, अशी आपल्याला सवय झाली आहे. या खेपेला विषय वेगळा आहे. तो का घेतला, हे आधी सांगायला हवे.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एका घरातला एकवीस वर्षांचा मुलगा गेला. आपण सगळे भेटून आलो, महिनाभर आळीपाळीने डबे पोचवले. "हार्ट" एवढेच सगळे म्हणाले आणि पुढे कोणी काही विचारले नाही. दिवाळीनंतर त्या ताईंनी आम्हांला घरी बोलावले. म्हणाल्या, "तुम्ही लोक पत्रिकेत एवढा इतिहास छापता, एकदा याचाही छापा. माझा मुलगा हार्टने नाही गेला, फेंटानिलने गेला. नाव घालू नका, पण हार्टही म्हणू नका."

सुरुवात कुठून करावी ते आम्हांला कळेना. त्यांनीच सुचवले की आधी 'ट्रॅफिक' पाहा, अर्धी गोष्ट आपल्या ओहायोतच घडते. मग जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चौघांनी त्यांच्याच बेसमेंटमध्ये बसून तो पाहिला. त्यानंतर जे वाचले, जे आधीपासून ठाऊक होते आणि जे आपण विसरलो होतो, ते इथे मांडत आहोत.

'ट्रॅफिक' २००० सालच्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग. २००१ च्या मार्चमध्ये त्याला चार ऑस्कर मिळाली: दिग्दर्शन, पटकथा, संकलन आणि बेनिसिओ डेल टोरोला सहाय्यक अभिनेत्याचे. पण मूळ कल्पना अमेरिकन नव्हे. सायमन मूर यांनी लिहिलेली 'ट्रॅफिक' नावाचीच सहा भागांची मालिका ब्रिटनच्या चॅनेल फोरवर १९८९ साली झाली होती. तिच्यात हेरॉइनचा माग पाकिस्तानातल्या अफूच्या शेतापासून जर्मनीतल्या हँबुर्गमार्गे लंडनपर्यंत काढला होता. पटकथाकार स्टीफन गेगन यांनी ती चौकट घेतली, हेरॉइनच्या जागी मुख्यतः कोकेन आणले आणि पाकिस्तानच्या जागी मेक्सिको. त्याला कारणही होते. १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहारा कडक झाला, तसा कोलंबियाचा माल मेक्सिकोतून जमिनीवरून येऊ लागला.

सिनेमात तीन गोष्टी शेजारीशेजारी चालतात. एक तिहुआनातल्या पोलिसाची. ती सगळी पिवळसर रंगात दिसते आणि तिथली माणसे आपसांत स्पॅनिशच बोलतात. दुसरी सॅन डिएगोजवळच्या श्रीमंत वस्तीतली. नवऱ्याला अटक झाल्यावर बाईला कळते की आपला बंगला, गाड्या, क्लब सगळे कोकेनच्या पैशावर उभे आहे. मग ती घर वाचवण्यासाठी तोच धंदा हाती घेते. तिसरी, निळसर रंगातली, सिनसिनाटी आणि वॉशिंग्टनची. ओहायोतले एक न्यायाधीश रॉबर्ट वेकफील्ड (मायकल डग्लस) यांची अमली पदार्थविरोधी मोहिमेचे राष्ट्रीय प्रमुख म्हणून नेमणूक होते. अशा प्रमुखाला इकडे 'ड्रग झार' म्हणतात. आणि त्यांची शाळकरी मुलगी कॅरोलाइन घरातल्या बाथरूममध्ये कोकेन ओढत असते.

मेक्सिकोच्या गोष्टीत एक जनरल सालाझार आहे. अमली पदार्थांविरुद्धची लढाई त्याच्या हाती दिलेली आणि तो स्वतःच एका टोळीला विकला गेलेला. हे पाहून कोणी म्हणेल की सिनेमावाल्यांनी जरा अतीच केले. तसे नाही. १९९६ च्या डिसेंबरात मेक्सिकोने जनरल हेसुस गुतिएरेझ रेबोयो यांना नेमक्या याच कामावर नेमले. अमेरिकेचे त्या वेळचे ड्रग झार जनरल मॅकॅफ्री यांनी त्यांच्या सचोटीची जाहीर तारीफ केली. आणि १९९७ च्या फेब्रुवारीत रेबोयो गजाआड गेले, कारण हुआरेझच्या टोळीचा म्होरक्या आमादो कारियो फुएन्तेस याला ते पाठीशी घालत होते. शिक्षा भोगत असतानाच २०१३ साली ते वारले. सिनेमा होऊन गेल्यावरही तेच झाले. २००६ ते २०१२ या काळात मेक्सिकोचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री असलेले हेनारो गार्सिया लुना सिनालोआ टोळीकडून लाच घेत होते, असा निकाल न्यूयॉर्कच्या ज्यूरीने २०२३ साली दिला. २०२४ मध्ये त्यांना ३८ वर्षांहून अधिक कैद झाली.

म्हणजे कुंपणच शेत खात होते. पण आम्हांला वाटते, सिनेमाचे मुख्य म्हणणे याहून वेगळे आहे. ते असे की या लढाईत शत्रू नेहमी 'ते' असतात, 'आपण' कधीच नसतो. अमेरिकेतल्या कायद्यांचा इतिहास पाहिला की याची खात्री पटते. १८७५ साली सॅन फ्रान्सिस्को शहराने अफूचे अड्डे बंद करण्याचा कायदा केला, तो चिनी मजुरांवर डोळा ठेवून. त्याच वेळी सभ्य गोऱ्या घरांतल्या बायका अफूचा अर्क घातलेली औषधे दुकानातून उघड विकत घेत होत्या. १८९८ पासून बायर कंपनी हेरॉइन हे खोकल्याचे औषध म्हणून विकत होती. १९१४ मध्ये हॅरिसन कायदा आला, तेव्हा कोकेनचे नाव काळ्या लोकांशी जोडून भीती घातली गेली. १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांच्या व्यसनाला देशाचा पहिल्या नंबरचा शत्रू ठरवले. १९८६ च्या कायद्याने तर कमाल केली. काळ्या वस्त्यांत खपणारे क्रॅक ५ ग्रॅम सापडले तर किमान पाच वर्षे, आणि श्रीमंतांच्या पार्टीतली कोकेनची पूड असेल तर तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागत. शंभरास एक असे हे प्रमाण २०१० साली अठरावर आणले, तेही पुरते मिटवले नाही.

खुद्द सिनेमासुद्धा यातून सुटला नाही. कॅरोलाइनला नासवणारा विक्रेता काळा दाखवला, यावर टीका झाली आणि ती खोटी नव्हती.

'ते' कोण आणि 'आपण' कोण, हे कसे बदलते याचा आपल्या घरचाही दाखला आहे. ब्रिटिश मालिकेत एक अफू पिकवणारा शेतकरी होता. सरकार त्याचे पीक उद्ध्वस्त करते आणि पोटासाठी तो कराचीतल्या हेरॉइनच्या व्यापाऱ्याकडे चाकरीला लागतो. अमेरिकन सिनेमात शेतकरी नाही. त्याची आठवण आम्हांला आली, कारण एके काळी ते शेत आपल्याकडे होते. एकोणिसाव्या शतकात बिहार आणि काशीकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. पण शिंदे-होळकरांच्या मुलखातली, म्हणजे उज्जैन-इंदूरकडची माळव्याची अफू तिच्या ताब्याबाहेर होती. ती पोर्तुगीजांच्या दमणमार्गे चीनला जाई. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने जकात घेऊन तिला मुंबई बंदर मोकळे केले, आणि मुंबईच्या कित्येक पेढ्यांची भरभराट झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूचीही. १८४५ साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय त्यांच्या दानातून उभे राहिले. आपल्यातल्या किती जणांचा जन्म तिथला! दान मोठे होते यात शंका नाही. पण १८३९ मध्ये लिन झेशू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, तेव्हा त्याच्या दृष्टीने 'ते' म्हणजे इंग्रज आणि त्यांच्या मागे उभे असलेले मुंबई-कलकत्त्याचे व्यापारी. बरबाद झालेली घरे चीनमधली होती, म्हणून त्यांची आठवण आपल्या पाठ्यपुस्तकात आली नाही.

आता पुन्हा सिनसिनाटीतल्या त्या घरात येऊ. कॅरोलाइन ही काही वाया गेलेली मुलगी नाही. वर्गात तिसरी, खेळात आणि मंडळांत पुढे, खाजगी शाळेतली. आपल्याकडे गणेशोत्सवात ज्या मुलांचे कौतुक होते, नेमकी तशी. एका रात्री मित्राला जास्त डोस होतो, तेव्हा ही शहाणी मुले घाबरून त्याला इस्पितळाच्या दारात टाकून पळतात. आईला मुलीचे सहा महिने आधीपासून ठाऊक असते आणि ती गप्प राहिलेली असते. रात्री दोन घोट घेतल्याशिवाय वडिलांचेही भागत नाही, हे आई त्यांना ऐकवते तेव्हा ते चिडतात. देशाची मोहीम चालवणारा माणूस मुलीला शोधत गल्लोगल्ली फिरतो. शेवटी व्हाइट हाउसमध्ये भाषणाला उभा राहतो, आणि त्याला ते पुरे करता येत नाही. ही लढाई म्हणायची तर आपल्याच घरची माणसे शत्रू ठरतात, आणि त्यांच्याशी कसे लढायचे ते मला ठाऊक नाही, अशा अर्थाचे बोलून तो निघून जातो. शेवटच्या प्रसंगात नवरा-बायको व्यसनमुक्तीच्या बैठकीत साध्या खुर्च्यांवर बसलेले दिसतात. आम्ही ऐकायला आलो आहोत, एवढेच सांगतात.

हे कोणी बाहेरून पाहून लिहिलेले नाही. गेगन स्वतः व्यसनात अडकले होते आणि सिनेमा आल्यावर त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. पुढे २०१० साली खुद्द मायकल डग्लस यांच्या मुलाला अमली पदार्थांच्या विक्रीबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली.

त्या खुर्च्या पाहून ताई म्हणाल्या, "हे तर आपल्या मुक्तांगणसारखे." खरेच. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने थैमान घातले, तेव्हा अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांमध्ये बसून, त्यांचे ऐकून लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. तिथे व्यसन हा आजार मानतात, आणि उपचारात घरच्यांनाही सामील करून घेतात. साल पाहा. अमेरिकेने शंभरास एक हा कायदा केला तोही १९८६ च्याच ऑक्टोबरात. तुरुंगांची भरती करणारा रस्ता आणि खुर्च्या मांडून ऐकण्याचा रस्ता, दोन्ही दोन महिन्यांच्या अंतराने निघाले. दुसरा आपल्या भाषेत निघाला होता आणि आपण तो इकडे आणायचा विसरलो.

सिनेमात दाखवले त्यापेक्षा पुढे फार वाईट झाले. १९९६ साली ऑक्सिकाँटिन नावाची वेदनाशामक गोळी बाजारात आली. तिची सवय क्वचितच लागते, असे डॉक्टरांना पटवण्यात आले. आपल्यात डॉक्टर आणि फार्मसिस्ट पुष्कळ आहेत, त्यांना ते दिवस आठवत असतील. २००७ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीने फसव्या प्रचाराचा गुन्हा कोर्टात कबूल केला. तोपर्यंत दक्षिण ओहायोतली गावेच्या गावे पोखरली गेली होती. गोळ्या मिळेनाशा झाल्या तसे लोक हेरॉइनकडे वळले आणि हेरॉइनच्या जागी फेंटानिल आले. या देशात २००० साली अतिमात्रेने सतरा हजारांच्या वर माणसे गेली होती. २०२१ साली हा आकडा एका वर्षात एक लाखाच्या पुढे गेला. २०२४ मध्ये तो सुमारे ८० हजारांपर्यंत उतरला. याची कारणे अनेक सांगतात, पण एक ठळक कारण म्हणजे श्वास परत आणणारे नॅलोक्सोन आता सर्वत्र मिळते. २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो.

ताईंच्या मुलाने परीक्षेच्या दिवसांत झोपेसाठी मित्राकडून एक गोळी घेतली होती. ती बनावट निघाली. त्याच्या खोलीत आणखी दोन मुले होती. त्यांनी घाबरून चाळीस मिनिटे कोणाला फोन केला नाही. ती मुले आपल्याच मंडळातली आहेत. ताईंना ते माहीत आहे. त्यांनी त्यांना घरी बोलावून जेवू घातले.

असो. मंडळाच्या समितीपुढे आम्ही दोन सूचना ठेवल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. हॉलमधल्या प्रथमोपचाराच्या पेटीत यापुढे नॅलोक्सोनचे दोन फवारे राहतील, आणि ते कसे वापरायचे हे आपल्यातलेच एक डॉक्टर संक्रांतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटांत दाखवतील. दुसरे म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ताईंच्या बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतील. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, नसेल बोलायचे तर ऐकायला यावे. मुलांनीही यावे. चहा ताईंकडे, खाणे आळीपाळीने.

पुढच्या अंकात पुन्हा पानिपत.