चुन्याची भिंत, सिमेंटचा गिलावा

आज माझीच फजिती सांगते, आणि तिच्यामागचा इतिहासही.

आमचं घर जुनं, दगड-मातीचं. भिंतींवर चुन्याचा गिलावा. स्वयंपाकघरात खालून ओल यायची, पोपडे सुटायचे. गवंडी मिळेना. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला: जुना गिलावा खरवडा, सिमेंट चढवा, वर ओल अडवणारा रंग मारा. बचत गटाचं कर्ज काढलं. मी आणि जाऊबाईंनी आठवड्यात भिंत गुळगुळीत केली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, या भिंतीला चुनाच लागतो." मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या पावसाळ्यात कमरेपर्यंतची ओल खांद्याला लागली. एका दुपारी मोठा थर मांडणीसकट कोसळला. लेक नुकतीच तिथून जेवून उठली होती. आतली माती बोटानं उकरता येत होती.

असं का झालं? त्यासाठी थोडं मागं जाऊ.

आपल्याकडे शेकडो वर्षं बांधकाम चुन्यात झालं. चुनखडी किंवा कोकणात शिंपले भट्टीत भाजायचे, की कळीचा चुना मिळायचा. तो पाण्यात विरवायचा. पाणी अक्षरशः उकळतं, म्हणून डोळे सांभाळावे लागतात. मग वाळू घालून तो बैलांच्या घाणीत मळायचा. त्या घाणीचे गोल चर आणि दगडी चाकं किल्ल्यांवर आजही दिसतात. कुठे गूळ, कुठे बेलफळाचं पाणी, कुठे हिरड्याचं पाणी त्यात घालत. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश पुन्हा दगड होतो. पण त्यात बारीक छिद्रं राहतात. जमिनीतून चढलेली ओल त्यातून बाहेर पडते आणि उन्हाळ्यात भिंत वाळते. म्हणजे पोपडे गिलाव्याला येतात, भिंत वाचते. वर्षा-दोन वर्षांनी सफेदी करायची, सणाआधी सारवायचं, ही बायकांच्या हातची कामं म्हणजे घराची दुरुस्तीच होती. तिला कुणी दुरुस्ती म्हटलं नाही, एवढंच.

१८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना चालू झाला. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र आल्या. पुढे बरीच वर्षं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परमिटची गोष्ट घरातल्या थोरांना विचारा. १९८२ साली नियंत्रण अर्धवट सुटलं, १९८९ साली पूर्ण उठलं. मग गावोगावच्या दुकानांत पोती दिसू लागली. सिमेंट लवकर घट्ट होतं, घाणी लागत नाही, थांबावं लागत नाही. चुन्याच्या भट्ट्या विझत गेल्या आणि चुना जाणणारे गवंडीही कमी झाले.

सिमेंट वाईट नाही. नव्या विटांच्या घराला, पाण्याच्या टाकीला ते हवंच. पण मातीच्या भिंतीवर ते कडक झाकणासारखं बसतं. आतली ओल अडकते, वर चढते, माती भुसभुशीत करते. भिंत जराशी हलली तरी सिमेंटला तडा जातो आणि त्या तड्यातून पाऊस आत शिरतो.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलला नव्हता. त्याची भिंत वेगळी होती. त्यानं माझी भिंत पाहिली नव्हती, आणि मीही ती नीट पाहिली नव्हती. पूर्वीचा गवंडी आधी भिंतीवर टकटक करायचा, खिळ्यानं ओरखडा काढायचा, पाणी कुठून येतं ते विचारायचा, आणि मगच थापी हातात घ्यायचा.

शेवटी शेजारच्या तालुक्यातून एक म्हातारे गवंडी आणले. त्यांनी सिमेंट काढलं, भिंत उन्हाळाभर उघडी वाळवली, बाहेर पाणी तुंबत होतं तिथं चर काढला आणि मग चुना लावला. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

व्हिडिओ जरूर बघा, मैत्रिणींनो. पण हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारा. आपली भिंत कशाची आहे? आणि ओल येते कुठून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घरातल्याच म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतं. आमच्या घरात तर होतंच.