डाव्या हाताची कामगिरी

पेटी वाजविणाऱ्या वादकाचे दोन हात पाहिले, तर एक विषमता सहज ध्यानांत येते. उजवा हात गातो आणि डावा हात श्वास पुरवितो. भात्याच्या सेवेंत गुंतलेला हा हात पट्ट्यांपर्यंत क्वचितच पोहोंचतो. संगीत रंगभूमीवरील पायपेटीनें त्यास मोकळें केलें खरें. पण आपलें रागसंगीत एकाच स्वरधारेचें, तेव्हां तोही बहुधा उजव्याच्याच मागून चालला. युरोपांत मात्र या हाताकडे अगदीं निराळी कामगिरी आली, आणि आज घरोघर दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डाचें मर्म तींतच आहे.

इ. स. १६०० च्या सुमारास इटलींत मंद्र स्वरांच्या ओळीवर आंकडे लिहून देण्याची पद्धति रूढ झाली. डावा हात तो मंद्र स्वर धरी आणि आंकड्यांच्या खुणेवरून उजवा हात त्यावर स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, उभा करी. सा, ग, प हे तीन स्वर एकदम वाजविले कीं सर्वांत परिचित स्वरसंघ होतो. अठराव्या शतकांत व्हेनिसच्या डोमेनिको आल्बर्टीच्या नांवानें ओळखली जाणारी युक्ति पुढें आली. तींत डावा हात हे तीन स्वर खालचा, वरचा, मधला, वरचा अशा क्रमानें फिरते ठेवतो. मोत्सार्टच्या १७८८ सालच्या सुप्रसिद्ध सोनाटाचा आरंभ याच युक्तीवर उभा आहे.

परंतु हें साधावयास वर्षांची मेहनत लागे. तो भार यंत्रावर घालण्याचा विचार लवकरच सुरू झाला. १८२९ सालीं व्हिएन्ना येथें सिरिल डेमियान यानें अकॉर्डियनचें पेटंट घेतलें. त्याची एक पट्टी दाबली कीं सबंध स्वरसंघ निघे. वाद्याचें नांवही त्यावरूनच पडलें. पुढें इटलींतील स्ट्राडेला गांवच्या नांवानें जी रचना प्रसिद्ध झाली, तींत डाव्या हातासाठीं सहा ओळींत १२० पर्यंत बटनें असतात. शेजारशेजारच्या बटनांमध्यें षड्ज-पंचमाचें नातें असतें. वादकाला तीं दिसत नाहींत, म्हणून ठराविक बटनांवर बोटाला लागेल अशी खूण केलेली असते. १९५० सालीं अमेरिकेंत हॅमंड कंपनीनें कॉर्ड ऑर्गन काढला. त्यांत डाव्या हाताकरितां ९६ बटनें होतीं.

१९८० नंतर जपानी कारखान्यांनीं बटनेंही काढून टाकलीं. पट्ट्यांचेच दोन भाग पडले : उजवा चालीसाठीं, डावा हुकमासाठीं. यामाहाच्या एकबोटी पद्धतींत एक पट्टी दाबतांच तिजवरचा शुद्ध गांधाराचा संघ वाजूं लागतो. तिच्या डावीकडील जवळची काळी पट्टी सोबत दाबल्यास गांधार कोमल होतो, आणि पांढरी दाबल्यास कोमल निषादाची भर पडते. तबला, खर्ज आणि तंतुवाद्यें यांचा ताफा त्यामागून धांवत येतो.

दुसऱ्या पद्धतींत वादक स्वरसंघाचे सर्व स्वर स्वतः दाबतो आणि यंत्र तो ओळखतें. तेथेंही मौजेचा पेंच आहे. सा, ग, प, ध हे चार स्वर षड्जाचा संघ मानावे कीं धैवताचा? दोन्ही अर्थ बरोबर आहेत. अशा वेळीं कित्येक यंत्रें सर्वांत खालच्या स्वराकडे पाहून निर्णय देतात. गायनाच्या मैफलींत असा निवाडा कान करतो. येथें तो कोष्टकावरून होतो.

या सोयीस केवळ नाक मुरडणें न्याय्य नाहीं. १९८१ सालच्या कॅसिओच्या एका लहान कीबोर्डासाठीं ओकुडा हिरोको या तरुण संगीतज्ञ महिलेनें तयार केलेल्या तालावर १९८५ सालीं जमैकांत वेन स्मिथचें एक गीत निघालें, आणि तेथील लोकप्रिय संगीताचें वळणच पालटलें. पेटीलाही १९४० पासून १९७१ पर्यंत ऑल इंडिया रेडिओनें दार बंद केलें होतें. तरी पेटी टिकली.

पण खरा प्रश्न घरच्या शिक्षणाचा आहे. पांढरी एक हा षड्ज धरून मूल भूप वाजवितें. षड्जावर एक बोट ठेवलें तर सा, ग, प उमटतात. तिन्ही स्वर भूपाचेच आहेत. पंचमावर तेंच बोट ठेवलें तर प, नी, रे असे स्वर निघतात, आणि भूपांत वर्ज्य असलेला निषाद मुलाच्या नकळत घरांत शिरतो. यंत्र चुकलेलें नसतें. त्याला राग ठाऊक नसतो. जाणता शिक्षक तेथें धैवतावर कोमल गांधाराचा संघ घ्यावयास सांगेल. त्यांत ध, सा, ग हेच स्वर येतात आणि भूपाची मर्यादा राहते. म्हणून प्रत्येक संघाचे स्वर मुलानें प्रथम तीन बोटांनीं वाजवावे, तोंडानें म्हणावे, आणि मगच एका बोटाची सवलत घ्यावी.