मुळशीतली बांधकामे आणि साखळीच्या टोकाची मजुरी

मुळशी तालुक्याच्या गेल्या शंभर वर्षांतली तीन बांधकामे महाराष्ट्राला ठाऊक आहेत: टाटांचे धरण, हिंजवडीचे आयटी पार्क आणि मोसे खोऱ्यातली लवासा नगरी. धरणाच्या निमित्ताने 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांमुळे तो देशभर गाजला आणि गेलेल्या जमिनींचा इतिहास लिहिला गेला, हे योग्यच झाले. या कामांवर राबलेल्यांच्या मजुरीचा इतिहास मात्र मागे पडला. मुख्य कंपनी, तिचा ठेकेदार, त्याच्या हाताखालचा पोटठेकेदार, मग मुकादम आणि शेवटी बिगारी, अशी ही साखळी असते. अधिकार तिच्या वरच्या टोकाला राहतो आणि बिल अडकले की त्याचा भार खालच्या टोकावर येतो, हे माझ्या मते या व्यवस्थेचे मूळ दुखणे आहे.

हे कायद्यालाही कळले होते. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने 1931 मध्येच मुकादमाच्या हाती एकवटलेल्या भरतीवर टीका केली. पुढे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, असे ठरवले. पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर हवा आणि रक्कम आपल्यासमक्ष दिली गेली अशी त्याची सही पगारपत्रकावर हवी, इतक्या बारकाईने ही तरतूद केली होती. पण हा कायदा 20 कामगारांपासून लागू होई आणि 2020 च्या कामगार संहितेने ती मर्यादा 50 वर नेली. सेंट्रिंगची किंवा प्लास्टरची टोळी बहुधा त्याहून लहान असते. म्हणजे कामाचे जितके तुकडे पडतील, तितका ठेकेदार परवान्यातून आणि नोंदीतून निसटतो.

यावर व्यावसायिकांचे म्हणणे असे, की फिटर, गवंडी, प्लंबर हे सगळे बारमाही पगारावर ठेवणे कोणालाच परवडत नाही. काम टप्प्याटप्प्याने येते. हे मला मान्य आहे, पोटठेका बंद करा असे कोणी म्हणू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुख्य कंपनीने ठेकेदाराचे बिल चुकते केले असेल, तर तिने दोनदा पैसे का द्यावेत? पण ठेकेदार निवडतो कोण? मोजमाप तपासतो कोण, रनिंग बिलातून अनामत कापून ठेवतो कोण? तीच कंपनी. मजुरी पोचल्याची खात्री होईपर्यंत ती अनामत रोखून धरणे तिच्याच हातात आहे.

साखळीच्या खालच्या टोकावर येणारा भार लवासात प्रखरपणे दिसतो. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितले. ते नियमभंगाच्या कारणासाठी होते आणि त्याला माझा विरोध नाही. पण काम थांबले की रोजंदारीवाल्याची चूल त्याच दिवशी अडते. ऑगस्ट 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. दिवाळखोरी कायद्यानुसार बँका धनको समितीत बसतात, 2018 च्या दुरुस्तीनंतर घर घेणारेही बसतात. काम करून बिलाची वाट पाहणाऱ्या ठेकेदाराला तिथे मत नाही. कंपनीच्या स्वतःच्या कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी, कंपनी मोडीत निघाली तर, तारण असलेल्या कर्जाच्या बरोबरीने धरली जाते; पोटठेकेदाराचा बिगारी त्या यादीत येत नाही, कारण कागदोपत्री तो कंपनीचा कामगारच नसतो. त्याला त्या यादीत आणणारी दुरुस्ती संसदेने करायला हवी. घर घेणाऱ्यांसाठी तिने तशी दुरुस्ती केली आहे.