क्लिंगॉन कोण आहेत? ‘स्टार ट्रेक’मधील लढवय्या जमातीचा इतिहास आणि संस्कृती

क्लिंगॉन ही ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथेतील काल्पनिक परग्रहवासी जमात आहे. कपाळावर हाडांचे उंचवटे, हातात वक्र तलवार आणि तोंडी सतत सन्मानाची भाषा, अशी त्यांची ओळख. क्रोनॉस हा त्यांचा मूळ ग्रह. ‘जन्मजात लढवय्ये’ म्हणून ते प्रसिद्ध असले, तरी त्यांची पूर्ण कथा पाहिली तर हे वर्णन अपुरे ठरते.

पडद्यावरचा जन्म

जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. क्लिंगॉन प्रथम दिसले ते मार्च १९६७ मधील एका भागात. त्या वेळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्ध जोरात होते. माणसांचा सहभाग असलेले फेडरेशन आणि विस्तारवादी क्लिंगॉन साम्राज्य यांच्या संघर्षात प्रेक्षकांना त्याचीच छाया दिसली.

गंमत म्हणजे त्या पहिल्याच भागात दोन्ही बाजू सारख्याच ठरतात. ऑर्गेनिया ग्रहावरचे साधे वाटणारे रहिवासी आपल्या अफाट शक्तीने दोन्ही सैन्यांची शस्त्रे निकामी करतात. तेव्हा क्लिंगॉन सेनापती कोर चिडतो आणि शांततेच्या गोष्टी करणारा कॅप्टन कर्कही लढण्याच्या हक्कासाठी भांडू लागतो. नंतर कर्कला स्वतःचीच लाज वाटते. कोरला मात्र एक शानदार युद्ध हुकल्याची हळहळ वाटते.

कपाळ का बदलले?

पहिल्या मालिकेत क्लिंगॉनांच्या कपाळावर उंचवटे नव्हते. काळपट रंग, जाड भुवया आणि मिशा एवढ्यावर भागवले होते. पाश्चात्त्यांच्या मनातील ‘पूर्वेकडचा आक्रमक’ या साच्यातून हे रूप घडले, अशी टीका पुढे झाली. १९७९ च्या चित्रपटात प्रथम उंचवटे आले. या बदलाचे कथेतील कारण थेट २००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ या मालिकेत मिळाले : मानवी जनुके वापरून बलवान सैनिक घडवण्याचा प्रयोग फसला, त्यातून रोगाची साथ पसरली आणि अनेकांची कपाळे माणसांसारखी सपाट झाली.

केहलेस, सन्मान आणि मृत्यू

क्लिंगॉन परंपरेनुसार सुमारे १,५०० वर्षांपूर्वी केहलेस या वीराने मोलोर या जुलमी राजाला मारून लोकांना एकत्र आणले आणि सन्मानाचे नियम घालून दिले. त्याने आपल्या केसांची बट ज्वालामुखीच्या लाव्हात बुडवून पहिली ‘बॅटलेथ’ म्हणजे वक्र तलवार घडवली, अशी आख्यायिका आहे. क्लिंगॉनांना देव नाहीत. देव त्रासदायक झाले म्हणून पूर्वजांनीच त्यांना ठार केले, असे ते सांगतात.

सन्मानाने मेलेल्याचा आत्मा स्टो-वो-कोर या वीरलोकात जातो, अपमानित होऊन मेलेल्याचा ग्रेथॉरमध्ये. योद्धा मेला की सोबती त्याचे डोळे उघडतात आणि आकाशाकडे पाहून मोठ्याने आरोळी ठोकतात. ‘सावध राहा, एक योद्धा येत आहे’ असा तो मृतांच्या जगाला इशारा असतो. त्यानंतर देह म्हणजे नुसते रिकामे कवच. जेवणात जिवंत किड्यांचा ‘गाख’, पेयांत रक्तमद्य आणि करमणुकीला ऑपेरा, हेही याच संस्कृतीचे भाग आहेत.

वॉर्फ : सन्मानाची परीक्षा

१९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत मायकल डॉर्न यांनी साकारलेला वॉर्फ आला आणि शत्रूच्या जमातीतला एक जण थेट फेडरेशनच्या यानावर अधिकारी म्हणून दिसू लागला. लहानपणी रोम्युलनांच्या हल्ल्यात त्याचे आईवडील मारले गेले होते आणि एका मानवी कुटुंबाने त्याला वाढवले होते.

१९९० मधील एका भागात वॉर्फच्या मृत वडिलांवर देशद्रोहाचा आरोप होतो. खरा द्रोही एका बड्या घराण्यातला असतो. सर्वोच्च परिषदेला ते माहीत असते, पण सत्य उघड झाले तर यादवी माजेल म्हणून ती गप्प बसते. साम्राज्य टिकावे यासाठी वॉर्फ तो कलंक स्वतःवर घेतो. सन्मानाचा उच्चार करणारी सत्ता सत्य लपवते आणि सन्मान खऱ्या अर्थाने पाळणारा बहिष्कृत होतो.

शिकता येणारी भाषा

१९७९ च्या चित्रपटासाठी अभिनेते जेम्स डूहन यांनी काही क्लिंगॉन शब्द तयार केले होते. त्यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या चित्रपटासाठी पूर्ण भाषा रचली. तिचा शब्दकोश १९८५ मध्ये आला. या भाषेत आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता येतो. ‘मी पुस्तक वाचतो’ हे वाक्य ‘पुस्तक वाचतो मी’ या क्रमाने होईल. भेटल्यावर ‘नमस्कार’ नाही, थेट ‘काय हवंय?’ असे विचारायचे. मराठी वाचकाला त्यातले दोन ध्वनी ओळखीचे वाटतील : ‘ड’ आणि ‘ष’. जीभ टाळूकडे वळवून उच्चारायचे हे मूर्धन्य ध्वनी इंग्रजी भाषकांना मुद्दाम शिकावे लागतात. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चेही क्लिंगॉन भाषांतर झाले आहे.

सगळेच योद्धे होते का?

डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ विसर्जित झाला त्याच महिन्यात, सहावा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात क्लिंगॉनांना ऊर्जा पुरवणाऱ्या प्रॅक्सिस या चंद्रावर स्फोट होतो. अवाढव्य लष्करी खर्चामुळे साम्राज्याकडे त्यातून सावरण्याची ताकद उरलेली नसते आणि फेडरेशनशी तह करावा लागतो.

२००३ मधील ‘एंटरप्राइझ’च्या एका भागात कोलोस हा वृद्ध क्लिंगॉन वकील सांगतो की त्याचे वडील शिक्षक होते आणि आई जीवशास्त्रज्ञ. त्याच्या लहानपणी समाजात योद्ध्यांखेरीज इतर वर्गांनाही मान होता. पुढे तरुणांना फक्त शस्त्र हाती घेण्यातच प्रतिष्ठा वाटू लागली आणि न्यायालयेही योद्ध्यांच्या ताब्यात गेली. म्हणजे क्लिंगॉन जन्मतः फक्त लढवय्ये नव्हते. त्यांच्या समाजाने बाकीच्या कामांची किंमत हळूहळू कमी केली आणि नंतर उरलेल्या एका कामालाच आपला स्वभाव म्हटले.