भोवरा, वस्तरा आणि कात्री : न्हाव्याच्या चुकीचा इतिहास

पुरुषांचे केस कापताना टाळावयाच्या म्हणून ज्या चुका आज सांगितल्या जातात, त्यांत केसांत पायऱ्या पडणे, एक कल्ला वर आणि दुसरा खाली जाणे, भोवऱ्यावरचे केस ताठ उभे राहणे आणि मानेवरची रेघ नको इतकी वर चढणे या प्रमुख आहेत. या चुका न्हाव्याच्या धंद्याइतक्याच जुन्या असाव्यात असा समज सहज होतो. परंतु डोक्याचा बहुतेक भाग वस्तऱ्याने उतरवून शेंडी तेवढी राखावयाची आणि वर पागोटे बांधावयाचे असा रिवाज ज्या घरांत होता, तेथे यांपैकी एकही चूक घडण्याजोगी नव्हती, कारण चुकण्यासाठी मुळात केसच शिल्लक राहत नसत. न्हाव्याची चूक कशाला म्हणावयाचे हे हत्यार, मोबदला आणि आरसा या तीन गोष्टींनी ठरत आले आहे, आणि या तिन्ही जसजशा बदलल्या तसतशी चूक कातडीवरून केसांवर सरकली.

धंद्यातील शब्दांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. ‘न्हावी’ हा शब्द प्राकृतातील ‘ण्हाविअ’ या रूपातून आला असून त्याचे नाते ‘स्ना’ म्हणजे न्हाणे या धातूशी आहे, म्हणजे न्हावी हा मुळात न्हाऊ घालणारा. ‘वस्तरा’ फारसीतून आला. ‘हजामत’ अरबीतून आला आणि तेथे त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे. दाढी-डोके करणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला. पाणी, पाते आणि रक्त या तीन गोष्टी या शब्दांत आहेत, पण केस कोठेच नाही. केवळ कापण्याशी बांधलेला शब्द म्हणजे संस्कृत ‘कर्तरी’पासून झालेली ‘कात्री’, आणि तिचे राज्य या धंद्यात सर्वांत उशिरा आले.

गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. बलुते म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी शेतकऱ्याकडून मिळणारा धान्याचा वाटा. त्याच्या प्रमाणावरून बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी मानल्या जात, आणि त्यांत न्हावी सामान्यतः मधल्या ओळीत येई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था तिच्या सगळ्या कुरबुरींसह मांडली आहे. न्हाव्याचे सारे दुकान त्याच्या धोकटीत, म्हणजे चामड्याच्या पिशवीत, मावत असे : वस्तरा, तो पाजळण्याची पथरी नावाची लहान दगडी चीप, धार बसवण्याचा चामड्याचा पट्टा, नखे काढण्याची नराणी, चिमटा, कात्री, फणी, पाण्याची वाटी आणि तळहाताएवढा आरसा. यांत कात्री होती, पण ती मिशा कातरण्यासारख्या किरकोळ कामापुरती असे.

हजामतीची बैठक जमिनीवरची होती. गिऱ्हाईक मांडी घालून किंवा उकिडवे बसे, न्हावी समोर बसून त्याचे डोके आपल्या गुडघ्यांजवळ ओढून घेई आणि वाटीतील पाणी बोटांनी केसांत जिरवीत राही. हे भिजवणे दिसायला दुय्यम असले तरी अर्धे कसब त्यातच होते, कारण पाणी प्यालेला केस फुगतो आणि मऊ पडतो, तर कोरडा केस पात्याला विरोध करतो आणि पाते कातडीत घुसते. मराठीत एखाद्याला फैलावर घेऊन त्याची दैना करण्याला ‘बिनपाण्याने हजामत करणे’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार म्हणजे धंद्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या चुकीची भाषेने करून ठेवलेली नोंदच होय. दुसरी चूक कातडी ताणून न धरण्याची. डाव्या हाताच्या अंगठ्याने कातडी मागे ओढल्याखेरीज वस्तरा चालवला, तर कानामागच्या खळगीत आणि मानेच्या वळीत तो हमखास लागे. तिसरी चूक अस्वच्छ पात्याची होती, आणि तिच्या परिणामालाही स्वतंत्र शब्द आहे : वस्तरा लागून उठणाऱ्या गळवाला किंवा फोडाला मराठीत ‘न्हावगंड’ म्हणतात. या तिन्ही चुका कातडीच्या आहेत. गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा विषय रक्त हा होता. त्यावर तुरटीचा खडा फिरवला की प्रकरण मिटे.

चूक मिटण्याचे आणखी एक कारण मोबदल्याच्या रीतीत होते. बलुते वर्षाचे असल्यामुळे एका हजामतीला वेगळी किंमत नव्हती, आणि घरे वाटून घेतलेली असल्यामुळे नाराज गिऱ्हाइकाला दुसऱ्या न्हाव्याकडे जाण्याची सोयही फारशी नव्हती. उलट बलुते घालताना कुणब्याने हात आखडता घेतला, तर न्हाव्याच्या पाण्याचे प्रमाणही कमी होत असावे, असा तर्क कोणी केला तर तो अगदीच अप्रस्तुत ठरणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांत हे चित्र बदलू लागले. इंग्रजी शाळा, कचेऱ्या आणि पलटणी यांच्या संगतीने डोक्यावर आखूड केस राखण्याची पद्धत आली. आरंभी अनेकांनी केसही राखले आणि शेंडीही ठेवली, पुढे शेंडी बारीक होत होत दिसेनाशी झाली. या बदलाची चर्चा बहुधा धर्म आणि सुधारणा यांच्या अंगाने होते, परंतु न्हाव्याच्या दृष्टीने त्यात एक कारागिरीचा पेच होता. शेंडी आणि तिच्याभोवतीचा घेरा, म्हणजे डोक्याच्या माथ्यावर राखलेला केसांचा गोल, परंपरेने गाईच्या खुराएवढा सांगितला जाई, आणि त्याची जागा साधारणपणे भोवऱ्याच्या जागेपाशीच येते. भोवरा म्हणजे माथ्यावरील ते ठिकाण जेथून केस चक्राकार फुटतात आणि जेथे त्यांना कोणतेही एक वळण नसते. लांब शेंडीच्या काळात भोवरा तिच्या गाठीखाली निमूट दबून होता. शेंडी गेली आणि तो उघडा पडला. त्यावरचे केस आजूबाजूच्या केसांइतकेच आखूड केले तर ते आडवे पडण्याऐवजी उभे राहतात आणि जी शेंडी मुद्दाम काढली तिचीच विनोदी प्रतिकृती माथ्यावर उगवते. म्हणून जाणता कारागीर कात्री हातात घेण्यापूर्वी कोरड्या डोक्यावरून हात फिरवून भोवरा एक आहे की दोन, आणि तो कोणत्या दिशेने फिरतो हे पाहतो, आणि तेथले केस बोटभर तरी जास्त राखतो. (दोन भोवरे असलेल्या मुलाची दोन लग्ने होतात असे घरोघर सांगितले जाते, त्याचे केस नीट बसवण्यासाठी न्हाव्याला दुप्पट वेळ लागतो, एवढे मात्र खरे.)

कात्री आणि फणी यांचे काम वस्तऱ्याच्या अगदी उलट आहे. वस्तरा जे काढतो त्यावरून पारखला जातो, तर कात्री जे मागे ठेवते त्यावरून. मानेपासून वर जाताना फणी एकसारख्या गतीने सरकत राहिली पाहिजे आणि कात्रीचे एक पाते फणीला समांतर स्थिर राहून दुसरेच हलले पाहिजे. फणी क्षणभर थबकली आणि कात्री चालत राहिली, की तेथे आडवी रेघ उमटते, तिलाच पायरी म्हणतात. ओल्या केसांचा फसवेपणा ही दुसरी अडचण. पाण्याने मऊ झालेला केस फणीने ओढला की लांबतो आणि वाळला की आखडतो. त्यामुळे ओला असताना बरोबर वाटलेला केस कोरडा झाल्यावर आखूड भरतो, आणि कुरळ्या केसांत हा फरक अधिक जाणवतो. वस्तऱ्याच्या कामात जे पाणी न्हाव्याचा सर्वांत विश्वासू सोबती होते, तेच कात्रीच्या कामात त्याला फसवू लागले, आणि वडिलांकडून मुलाकडे आलेली विद्या एका पिढीत निम्मी उलटी शिकावी लागली.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत रूढ झालेले हातमशीन पुढे येथील दुकानांतही आले. त्यात दातांच्या दोन पट्ट्या एकावर एक असतात आणि मुठी दाबल्या की वरची पट्टी खालच्या स्थिर पट्टीवरून सरकते. मुठी पुरत्या मिटण्याआधीच मशीन डोक्यापासून उचलले, तर दातांत अडकलेला केस कापला न जाता उपटला जातो; मान आखडून बसलेल्या शाळकरी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांना ही कळ ठाऊक होती. १९१९ साली अमेरिकेतील लिओ वाल यांनी विजेच्या मशीनच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि मुठी दाबण्याचे श्रम संपण्याचा मार्ग मोकळा झाला, मात्र चूक करण्याचा वेगही वाढला. आजच्या मशीनला लावल्या जाणाऱ्या फण्यांना क्रमांक असतात; एक नंबरची फणी सुमारे ३ मिलिमीटर आणि दोन नंबरची सुमारे ६ मिलिमीटर केस ठेवते. क्रमांक चुकला तर एका फटक्यात जे जाते ते परत यायला दिवस लागतात, कारण डोक्याचा केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपासच वाढतो.

चुकीच्या या इतिहासात हत्याराइतकाच आरशाचा वाटा आहे. धोकटीतल्या आरशात गिऱ्हाइकाला आपली मिशी आणि फार तर कपाळ दिसे. मागचे डोके त्याला आयुष्यात कधी दिसत नसे आणि इतरांनाही पागोट्यामुळे दिसत नसे. पागोट्याची जागा टोपीने घेतली आणि पुढे टोपीही गेली, तेव्हा मान आणि कानामागचा भाग रस्त्यावर आला. ‘केशकर्तनालय’ असे भारदस्त नाव आणि सलून असे बोलीतले नाव मिळालेल्या नव्या दुकानांत खुर्ची आली, भिंतीवर मोठा आरसा आला आणि काम संपल्यावर मानेमागे दुसरा आरसा धरून दाखवण्याची रीत आली. हा दुसरा आरसा म्हणजे गिऱ्हाइकाला मिळालेला तपासणीचा अधिकार होय. दाम रोख झाला होता आणि पुढच्या गल्लीत दुसरे दुकानही होते. कल्ल्यांचा वरखालीपणा याच आरशाने उघडकीला आणला. बहुतेक माणसांचे दोन्ही कान एका पातळीत नसतात, त्यामुळे कानावरून माप घेऊन कोरलेले कल्ले समोरून पाहता तिरके दिसतात. म्हणून जुने कारागीर माप कानावरून न घेता आरशात समोर पाहून डोळ्यांच्या रेषेवरून घेतात.

तथापि ज्यांना हे कसब मिळूच दिले गेले नाही, त्यांच्या डोक्यावरील चुका या इतिहासात वगळता येत नाहीत. साताऱ्यात बालपणी भीमराव आंबेडकरांचे केस कापायला न्हावी तयार नसे आणि ते काम त्यांच्या थोरल्या बहिणीला घरी करावे लागे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने नकार दिल्यावर गांधींनी स्वतःच मशीन विकत घेऊन आपले केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले आणि कोर्टातील मित्रांनी उंदरांनी कुरतडले की काय असे विचारून त्यांची थट्टा केली. गांधींनी आत्मकथेत त्या न्हाव्याला दोष दिलेला नाही. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, याची आठवण त्यांनी तेथे दिली आहे. न्हाव्याचा नकार दुसऱ्या बाजूनेही वापरला गेला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. चूक केवळ हाताचीच असते असे नाही, वस्तरा कोणाच्या डोक्यावर चालवावा हाही धंद्याचा प्रश्न आहे, हे न्हाव्यांनी स्वतः जाहीरपणे म्हटल्याचा हा प्रसंग आहे आणि त्याचे मोल आजवर पुरेसे झालेले नाही. अस्पृश्यताविरोधी १९५५ च्या कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तो नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्यातील ‘दुकान’ या संज्ञेच्या व्याख्येत केस कापण्याच्या सलूनचा नाव घेऊन समावेश आहे.

त्यानंतरच्या फॅशनचा इतिहास लांबलचक असला तरी चुकीच्या दृष्टीने त्यात सांगण्याजोगे थोडेच आहे. कान झाकणारे केस आले तेव्हा कच्च्या कारागिरांना बरे दिवस आले, कारण लांब केस चूक पोटात घालतात. मिलिटरी कट आणि अलीकडचा फेड, म्हणजे मानेपासून वर क्रमाक्रमाने दाट होत जाणारा कट, चूक चव्हाट्यावर मांडतात. वस्तरा मात्र या साऱ्यातून टिकला. कात्री-मशीनचे काम संपल्यावर मान आणि कल्ले कोरण्यासाठी तो शेवटी बाहेर निघतोच, फक्त त्यात आता दर गिऱ्हाइकाला नवी अर्धी पात बसवली जाते.

कात्री आणि वस्तरा यांची फारकत सरकारी कागदावर झाली ती २०२० साली. मार्चअखेरीच्या टाळेबंदीत सलून बंद पडली आणि घरोघर बायकांनी, भावांनी, मुलांनी कात्री हाती घेतली; पायऱ्या, तिरके कल्ले आणि उभे राहिलेले भोवरे यांचे इतके पीक महाराष्ट्राने एकाच वेळी क्वचितच पाहिले असेल. २८ जूनपासून राज्यात सलून उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा केस कापण्यास मुभा होती. कातडीला हात लागतो म्हणून दाढीला नव्हती.